दुरुस्ती पाठवण्याआधी हे वाचा

ते नियम मी एका दुपारी बसून लिहिले, आणि लिहिताना मी रागात होते.

आधी काम काय होतं ते सांगते. आमचं एक सॉफ्टवेअर आहे. फोनवर आलेला देवनागरी मजकूर ते मोठ्यानं वाचून दाखवतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. ते फुकट आहे, आणि फुकटपेक्षा महत्त्वाचं म्हणजे ते उघडं आहे. त्याच्या आतलं सगळं कोणालाही पाहता येतं, चूक दिसली तर दुरुस्त करून आमच्याकडे पाठवता येते. आम्हाला पटली तर आम्ही ती आत घेतो आणि पुढच्या अपडेटमध्ये सगळ्यांच्या फोनवर जाते. 'आम्ही' म्हणजे दोघं जण, मी रायपुरात आणि एक सहकारी पुण्यात. पगार कोणालाच नाही. माझी नोकरी वेगळीच, तेलीबांध्याच्या एका कंपनीत, शाळांच्या हजेरीचं सॉफ्टवेअर लिहायची. हे काम मी जेवणाच्या सुट्टीत आणि सुट्टीच्या दिवशी करायची.

मी यात पडले ती वडिलांमुळे. ते रेल्वेत होते, मूळचे अमरावतीकडचे. शेवटची काही वर्षं शुगरनं त्यांचे डोळे गेले. सकाळी कोणीतरी पेपर वाचून दाखवावा एवढंच त्यांना हवं असायचं, आणि मला ऑफिसची घाई. म्हणून हे सॉफ्टवेअर शोधलं, त्यांच्या फोनमध्ये टाकलं, ते चुकीचं वाचायचं तिथं दुरुस्त करत गेले. वडील गेले. माझं काम सुरूच राहिलं, आणि हळूहळू ते सगळं माझ्यावरच आलं.

आता रागाचं. कुठल्याशा स्पर्धेत नाव लागावं, प्रमाणपत्र मिळावं म्हणून कॉलेजची मुलं आमच्याकडे दुरुस्त्या पाठवायला लागली होती. कोणी माहितीपत्रकात एक स्वल्पविराम टाकायचा आणि ती दुरुस्ती म्हणून पाठवायचा. मग मशीनकडून लिहून घेतलेल्या लांबच लांब दुरुस्त्या येऊ लागल्या. पाठवणाऱ्यानं त्या स्वतः एकदा चालवूनही पाहिलेल्या नसायच्या. प्रत्येक वाचायला माझी अख्खी जेवणाची सुट्टी जायची, आणि नाही म्हटलं की वर भांडण.

तेव्हा मी ते नियम लिहिले. वर मथळा दिला, 'दुरुस्ती पाठवण्याआधी हे वाचा'. सगळं इंग्रजीत. आधी तक्रारीचा फॉर्म भरा. एका वेळी एकच दुरुस्ती. प्रत्येक दुरुस्तीसोबत चाचणीचं वाक्य द्या, म्हणजे अमुक वाक्य फोननं अमुक तऱ्हेनं वाचायला हवं, असं लिहून. संमतिपत्रावर सही करा. चौदा दिवसांत प्रक्रिया पूर्ण झाली नाही तर तुमची दुरुस्ती आपोआप बंद होईल. आणि शेवटी, 'तुमची दुरुस्ती कधी घेणार, हे विचारू नका.'

हे शेवटचं वाक्य लिहून मला फार बरं वाटलं होतं, ते आठवतं. कचरा खरंच थांबला. पुण्याच्या सहकाऱ्यानं कौतुक केलं. दुसऱ्या एका सॉफ्टवेअरवाल्यांनी आमचे नियम जसेच्या तसे वापरायची परवानगी मागितली, तेव्हा मी आईलासुद्धा सांगितलं.

त्याच सुमारास मी स्वतः एक बदल केला होता. लोकांची तक्रार होती की तारीख वाचताना फोन दर आकड्यामागे 'स्लॅश, स्लॅश' म्हणतो, कान किटतात. मी ती तिरकी रेघ मुकी करून टाकली. एका ओळीचं काम. चाचणीचं वाक्य काही दिलं नाही. ते नियम बाहेरच्यांसाठी होते.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी, मार्चच्या शेवटी, ऑफिसात जेवण करून जागेवर येऊन बसले तर सॉफ्टवेअरच्या तक्रारींच्या पानावर एक नवा मजकूर होता. मराठीत. त्या पानावर मराठीत कधीच कोणी लिहीत नसे, म्हणून आधी मला मजाच वाटली. मग वाचलं.

'माह्या मोठ्या बहिणीले दिसत नाही. दवाखान्यातून मेसेज आला होता, शुगर की गोली 1/2 सुबह. तुमच्या सॉफ्टवेअरनं वाचलं, एक दो गोली सुबह. तिनं दोन घेतल्या. अर्धी घ्यायची होती. बारा दिवस भरती होती. आता घरी आणली पण तिले काही समजत नाही. मी याच्या आधी तीन खेप हेच दुरुस्त करून पाठवलं. आता तरी करा. हे तुमच्या नियमात बसते का मले माहीत नाही.'

खाली नाव होतं आणि गाव. रायपूर.

मी पहिल्यांदा काय केलं तर ते खरं आहे का हे तपासलं. फोनवर '1/2 गोली' असं लिहिलं, कानात इयरफोन घातला. 'एक दो गोली,' आवाज म्हणाला. स्वच्छ, न अडखळता. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "दीदी, चाय?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाच कळलं नाही.

मग त्या माणसाचं नाव टाकून जुनं सगळं काढलं. खरंच तीनदा पाठवलं होतं.

पहिल्या वेळी त्यानं इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहिलं होतं, फॉर्म भरला नव्हता. खाली माझं उत्तर होतं, 'कृपया आधी नियम वाचा', आणि दुरुस्ती बंद. दुसऱ्या वेळी त्यानं फॉर्म भरला होता, पण रेघेसोबत किलो-ग्रॅमचीही एक चूक सुधारली होती. माझं उत्तर, 'एका वेळी एकच दुरुस्ती.' बंद. तिसऱ्या वेळी सगळं बरोबर होतं. एकच दुरुस्ती होती, चाचणीचं वाक्यसुद्धा होतं, आणि ते वाक्य गोळीचंच होतं. फक्त संमतिपत्रावर सही नव्हती. खाली त्यानं हिंदीत विचारलं होतं, 'फॉर्म में क्या लिखा है, मेरा फोन पढ़ नहीं रहा।'

आमचं संमतिपत्र म्हणजे एका छापील कागदाचा फोटो होता. अंध माणसाचा फोन त्यातलं एक अक्षर वाचू शकत नाही, नुसता 'चित्र' म्हणतो. अंधांच्या सॉफ्टवेअरचं संमतिपत्र. हे आमच्या दोघांच्याही कधी लक्षात आलं नव्हतं. त्याच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही. चौदा दिवसांनी यंत्रणेनं आपोआप लिहिलं होतं, 'आपल्याकडून प्रतिसाद न मिळाल्यामुळे ही दुरुस्ती बंद करत आहोत. आपल्या उत्साहाबद्दल आभार.' ते वाक्यही माझंच.

त्या चौदा दिवसांत मी काय करत होते, हे आठवायचा मी खूप प्रयत्न केला. काही आठवलं नाही. बहुधा नेहमीसारखेच दिवस असतील.

त्याची तिसरी दुरुस्ती मी तशीच्या तशी घेतली. चहा थंड व्हायच्या आत काम झालं होतं. संध्याकाळपर्यंत अपडेट निघालं. मग पुण्याला फोन लावला.

सहकाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे बघ, वाईट झालं. पण परवान्यात पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे, कसलीही हमी नाही. आपण कुणाला औषधं घ्यायला हे दिलेलं नाही."

"मग कशाला दिलंय?"

"तू आत्ता उत्तर लिहू नकोस. लेखी तर काहीच नको. थोडे दिवस जाऊ देत."

त्याला मी नावं ठेवत नाही, कारण मीही तेच केलं. चार दिवस उत्तर दिलं नाही. रोज सकाळी ते पान उघडायची, त्याचं शेवटचं वाक्य वाचायची आणि बंद करायची.

चौथ्या दिवशी आईनं ताट पुढ्यात ठेवलं आणि समोरच बसली.

"काहून जेवून नाही राहिली तू? ऑफिसात काही झालं काय?"

मी सांगितलं. आईला सॉफ्टवेअरमधलं काही कळत नाही, पण गोळीचं कळलं. वडिलांच्या सगळ्या गोळ्या तिनंच दिलेल्या.

"तुह्या बाबाले असं वाचून दाखवलं असतं मंग?" ती म्हणाली.

मी रडायला लागले. तिनं मला गप्प केलं नाही. जरा वेळानं विचारलं, "रायपूरचाच हाय म्हणते ना तो? मंग जा ना त्याच्याकडं."

"जाऊन काय सांगू?"

"काही नको सांगू. जा."

मी त्याला दोन ओळी लिहिल्या, की ते नियम मी लिहिलेत, मी रायपुरातच राहते, येऊ का. तासाभरात उत्तर आलं. ब्राह्मणपाऱ्यातला पत्ता आणि एक ओळ, 'रविवारी या. सकाळी ताईले न्हाऊ घालतो, त्याच्यानंतर.'

स्कूटी गोल बाजाराच्या अलीकडे लावली आणि पायी गेले. भांड्यांची दुकानं नुकती उघडत होती. आमच्या घरून तिथं जायला वीस मिनिटंही लागली नव्हती. तीन वेळा तो माणूस माझ्याशी बोलायला बघत होता आणि मी इतक्या जवळ होते, हेच सारखं मनात येत होतं. गल्लीत एका देवळामागे दोन खोल्यांचं घर. दार त्यानंच उघडलं. पन्नाशी ओलांडलेला, इस्त्री केलेला शर्ट, डोळे मिटलेले.

"तुम्ही त्या म्याडम काय?"

"हो."

"मले वाटलं माणूस असन कोणी," तो म्हणाला. "परदेशातला, मोठा साहेब. तुमचं लिहिणं तसं होतं."

आत खाटेवर त्याची बहीण बसली होती. पासष्टीच्या आसपासची, केस ओले, नीट विंचरलेले, धुतलेलं पातळ. हात मांडीवर. माझ्या पावलांच्या आवाजानं तिनं मान वळवली.

"कोन आलं?"

"पाव्हणी आली, ताई."

"बस म्हणा," ती म्हणाली, आणि मग दोन मिनिटांनी पुन्हा, "कोन आलं?" मी तिथं होते तेवढ्या वेळात तिनं किती वेळा विचारलं ते मी मोजलं नाही. दर वेळी त्यानं त्याच आवाजात उत्तर दिलं.

त्यानं स्वतः चहा केला. पातेलं, साखरेचा डबा, गाळणी, सगळं बोटांना ठाऊक. चहा करता करता तो बोलत गेला. तो जन्मापासून अंध. एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर आहे. आता मोबाइलमुळे बोर्डावर फोनच येत नाहीत, दिवसभर नुसतं बसून राहायचं. त्या रिकाम्या वेळात त्यानं आवाजी धडे ऐकून प्रोग्रामिंग शिकून घेतलं. लहानपणी शाळेत पोचवायची ती ही बहीण. हात धरून, रोज, जाता-येता. तिचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूल नाही, ती भावाकडे आली. पाच वर्षांपूर्वी शुगरनं तिची नजर गेली.

"ते लय रडे तवा," तो म्हणाला. "मी म्हटलं ताई, मले तं दिसलंच नाही कधी, मी काय मेलो काय? म्या तिले फोन शिकवला. तुमचं सॉफ्टवेअर टाकून देलं. मंग तं पाहा, दिवसभर मेसेज ऐके, सगळ्या गोतावळ्याले आवाजी मेसेज धाडे. आमचे अमरावतीचे नातेवाईक म्हणत, तुमच्या ताईले आवरा."

तो थोडं हसला. मग त्या दिवसाचं सांगितलं.

ताईची शुगर वारंवार कमी होत होती म्हणून डॉक्टरांनी एकाऐवजी अर्धी गोळी करायची ठरवलं. दवाखान्यातून मेसेज तिच्या फोनवर आला, तेव्हा तो ड्यूटीवर होता. तिनं ऐकलं, 'एक दो गोली सुबह.' तिला वाटलं डोस वाढवला. दुसऱ्या दिवशी तो कामावर निघून गेल्यावर तिनं दोन घेतल्या. पाकिटाला रबर लावलेलं होतं, ते तिनं बोटांनी बरोबर ओळखलं. गोळी तीच, वेळ तीच, सगळं बरोबर. त्या दिवसांत तिचं खाणंही कमी होतं. दुपारी त्यानं फोन केला तर उचलला नाही. तो घरी येईपर्यंत ती खाटेखाली पडलेली होती, घामानं भिजलेली.

"किती वेळ पडून होती, ते मले मालूम नाही. डॉक्टर म्हणे, डोक्याले शुगर नाही भेटली. जे गेलं ते आता वापस नाही येत."

"कोन आलं?" बहिणीनं विचारलं.

"पाव्हणी, ताई."

मी चहाचा कप खाली ठेवला. येताना काय बोलायचं ते ठरवून आले होते, पण मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "तुमचे ते नियम मले वाचून दाखवा. इंग्रजीत नको. मराठीत सांगा. फोननं वाचले तवा अर्धे समजले, अर्धे नाही."

मी फोनवर ते पान उघडलं. एक एक ओळ वाचायची, मराठीत सांगायची. मी स्वतः ते कधी मोठ्यानं वाचले नव्हते. 'आमचा वेळ मर्यादित आहे, त्याचा मान राखा.' 'नियम न पाळलेल्या दुरुस्त्या न वाचता बंद केल्या जातील.' तो खाली मान घालून ऐकत होता. मधेच थांबवायचा.

"एका वेळी एकच. हे काहून?"

"दोन असल्या की तपासायला कठीण जातं."

"हव. बराबर हाय," तो म्हणाला. "पण मंग त्यातली एक घ्यायची होती. दुसरी फेकायची."

हे मला सुचलं नव्हतं असं नाही. दोन वेगळ्या करायला मला दहा मिनिटं लागली असती. मी तसं त्याला सांगितलं.

संमतिपत्राशी आलो. "त्यात लिहिलंय काय पण?" त्यानं विचारलं. "मी आठ दिवस त्याच्या मागं होतो. ऑफिसातल्या एका भैयाले दाखवलं, तो म्हणे इंग्रजी हाय, वकिलाले दाखव."

"त्यात लिहिलंय की तुम्ही पाठवलेलं काम तुमचं स्वतःचं आहे. दुसऱ्याचं उचललेलं नाही."

"बस?"

"बस."

"इतकंच?" त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "हे तं मी तोंडानं सांगलं असतं. पाह्यजे तं गोल बाजारात उभा राहून वरडून सांगलं असतं."

मी पुढं वाचलं नाही. एकच ओळ राहिली होती.

"झाले काय?"

"एक आहे."

"वाचा ना."

मी वाचली. तुमची दुरुस्ती कधी घेणार, हे विचारू नका. बाहेर गल्लीत कोणाची तरी मोटरसायकल बराच वेळ सुरू होत नव्हती, तिच्या किका ऐकू येत होत्या. बहीण म्हणाली, "गॅस बंद केला काय रे?" तो उठला, बंद असलेल्या गॅसच्या बटणाला हात लावून आला आणि बसला.

"मला माफ करा," मी म्हणाले. दुसरं काही जवळ नव्हतं.

"माफीचं मी काय करू, म्याडम?"

त्यानं ते चिडून म्हटलं नव्हतं. खरंच विचारल्यासारखं म्हटलं.

"तुमच्यावर राग नाही, असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "राग हाय. तिले घास भरवतो तवा येते. पण एक गोष्ट तुम्हाले मालूम नाही. मी ताईच्या फोनात ती फाइल दुरुस्त करून ठेवली होती. तुम्ही घेत नाही तं नका घेऊ म्हटलं, आपल्या घरापुरतं आपण करू. चांगलं चालून राह्यलं होतं. मंग तुमचं अपडेट आलं, माही फाइल गेली. अपडेट आलं की जाते, हे मले मालूम होतं. तिच्या फोनात अपडेट आलेलं मी ऐकलं. म्हटलं, रविवारी पाहू."

त्यानं दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले.

"तो बुधवार होता. गुरुवारी तो मेसेज आला अन् शुक्रवारी तिनं गोळ्या घेतल्या."

मला त्याला म्हणावंसं वाटलं, यात तुमची काही चूक नाही. पण हे म्हणणारी मी कोण. निघताना मी बहिणीजवळ गेले. तिनं माझा हात चाचपला, बांगड्या मोजल्यासारखं केलं, आणि विचारलं, "तू कोनाची पोट्टी?" मी आईचं नाव सांगितलं. "बरं," ती म्हणाली. "घरी सांगून आली ना?"

"हव," मी म्हणाले.

घरी येऊन मी गच्चीवर गेले. वाळत घातलेल्या कपड्यांवर कारखान्यांची काळी भुकटी बसली होती. ती झटकत उगीचच बराच वेळ तिथं उभी राहिले. आई खालून हाक मारत होती.

नियम नव्यानं लिहायला दीड महिना गेला. ताईच्या भावालाच मी मदत मागितली होती; तो मला फोनवर सांगायचा, मी लिहायची. तो कधी इकडचं तिकडचं बोलला नाही, घरचं विचारलं नाही. कामाचं बोलून फोन ठेवायचा. आता ते मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत आहेत. तक्रार कोणत्याही भाषेत, कशीही लिहा, नाहीतर बोलून पाठवा. आकडा, माप किंवा औषध चुकीचं वाचलं जात असेल तर फॉर्म नको, ते आधी पाहिलं जाईल. संमती एका वाक्यात, लिहून किंवा बोलून. आपोआप काहीही बंद होत नाही. शेवटची ओळ काढून टाकली.

अपडेटसोबत काय बदललं ते लिहावं लागतं. तिथं ताईबद्दल लिहू का, असं मी त्याला विचारलं होतं.

"नको," तो म्हणाला. "तिची गोष्ट नका करू. चूक काय होती ते लिहा, कोनी केली ते लिहा."

मी लिहिलं. तिरकी रेघ मुकी करण्याचा बदल मी केला होता, तो चुकीचा होता, दुरुस्ती तीनदा आली आणि मी परत पाठवली. पुण्याच्या सहकाऱ्याला हे आवडलं नाही. नवे नियम तर त्याला मुळीच पटले नाहीत. "पुन्हा तोच कचरा येईल," तो म्हणाला, आणि त्याचं खरं झालं. कचरा आला. तो अजून येतो. काही महिन्यांनी त्यानं काम सोडलं. भांडण झालं नाही, नुसता कमी कमी होत गेला. मी रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी सगळं वाचते. स्वल्पविरामवालेही वाचते. बहुतेक दिवशी त्यात काहीच नसतं.

यानं ताईला काही फरक पडला नाही, हे मला ठाऊक होतं. मी दोनदा पुन्हा गेले. एकदा आई सोबत होती. आईनं तिचे केस विंचरले, तिच्याशी अमरावतीच्या गोष्टी केल्या. ती 'हव हव' म्हणत राहिली. दुसऱ्यांदा गेले तेव्हा ती झोपूनच होती, आणि त्यानं मला आत यायचा आग्रह केला नाही. त्यानंतर मी गेले नाही.

थंडीत एक दिवस सकाळी त्याच्याकडून एक दुरुस्ती आली. फॉर्म पूर्ण भरलेला. एकच दुरुस्ती. वर लिहिलं होतं, ' "कै." यातल्या टिंबावर फोन वाक्य संपल्यासारखा थांबतो. थांबू नये. पुढं नाव असते. "कैलासवासी" असं वाचावं.' बाकी एक शब्द नाही. मी खाली चाचणीचं वाक्य पाहिलं.

'आमची मोठी बहीण कै.' आणि पुढं तिचं नाव, मग 'यांची तेरवी रविवारी राहत्या घरी आहे.'

नातेवाइकांना पाठवायचा मेसेज त्यानं टाइप करून फोनकडून वाचून घेतला असणार, आणि फोन तिच्या नावाआधी थांबला असणार. दुरुस्ती घेण्याआधी मी ते वाक्य फोनवर लावून ऐकलं. 'आमची मोठी बहीण कै.' मग विराम. मग वेगळंच वाक्य सुरू झाल्यासारखं तिचं नाव.

मी दुरुस्ती घेतली. चाचणीच्या वाक्यात खरं नाव ठेवू नये असा आमचा जुना नियम आहे, तो नव्यातही आहे. त्या जागी दुसरं काहीतरी नाव टाकायला मला अर्धा तास लागला. कुठलंच नाव टाकवेना. शेवटी नुसतं 'आजी' टाकलं, अपडेट काढलं आणि ऑफिसला गेले.

रविवारी आई आणि मी तेरवीला गेलो. अंगणात पत्रावळी मांडल्या होत्या, अमरावतीहून बरीच माणसं आली होती. खाट खोलीतून काढलेली होती. तो भिंतीशी बसला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडत होता. आईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी बोलली. मग मी समोर गेले आणि कोण ते सांगितलं.

"ते घेतलं काय तुम्ही?" त्यानं विचारलं.

"हो. त्याच दिवशी."

"हव," तो म्हणाला. "ऐकलं मी. बराबर वाचते आता."

मग मागून कोणीतरी पुढं आलं, आणि मी बाजूला झाले.